बोटीचा तळ, मुशीची कातडी आणि वरोरची डाय

उधाणाच्या ओहोटीला वरोरचा समुद्र खूप मागं सरतो. डहाणूच्या या पट्ट्यात भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. किनारा उताराचा नाही, त्यामुळे पाणी हटलं की खडकांचा रुंद पट्टा उघडा होतो. त्यावर अनवाणी चालायचं म्हणजे तळपाय सोलून घ्यायचे. काळ्या दगडाला कालवं चिकटलेली असतात आणि कालवांच्या अंगावर, दगडावर, जिथं जागा मिळेल तिथं पांढऱ्या खरखरीत शंकूंची दाटी असते. एकेक शंकू करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहून लहान, टोकाला भोक. हे बार्नॅकल. दिसायला शिंपल्याच्या जातीचं वाटतं, पण नात्यानं कोळंबी-खेकड्यांचं भावंड. चार्ल्स डार्विननं उत्क्रांतीचा आपला सिद्धांत बाजूला ठेवून १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या एका प्राणिगटावर घालवली.

खडकावरचं बार्नॅकल कुणाला फारसं नडत नाही. तेच बोटीच्या तळाला बसलं की नडतं. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा वर्षभरात तळावर चढलेलं हे ओझं खरवडून काढणं आणि नवा रंग लावणं हे ठरलेलं काम. नुसत्या वजनाचा प्रश्न असता तर एवढं बिघडलं नसतं. खरा प्रश्न खरखरीतपणाचा आहे. तळ खडबडीत झाला की पाणी त्याला धरून राहतं, भोवरे उठतात आणि तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जास्त डिझेल जाळावं लागतं. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या मायकल शुल्ट्झ यांनी २००७ साली एका युद्धनौकेचं गणित मांडलं. तळावर बार्नॅकलची दाट वस्ती असेल तर नेहमीचा वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागते. नुसता शेवाळी बुळबुळीत थर असला तरी दहा टक्क्यांच्या वर फटका बसतो.

हे संकट फक्त बोटींवरचं नाही. वरोरच्या दक्षिणेला तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून समुद्राच्या पाण्यावर थंड होतो. उत्तरेला डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र खाडीचं पाणी घेतं. समुद्राचं पाणी नळात घ्यायचं म्हणजे त्याबरोबर असंख्य डिंभ, म्हणजे या प्राण्यांची अंड्यातून बाहेर पडलेली सूक्ष्म पिल्लंही नळात घ्यायची. ती आत वस्ती करू नयेत म्हणून अशा प्रकल्पांत पाण्यात सहसा क्लोरीन सोडतात. माणसाचं आजवरचं उत्तर एवढंच आहे: जे चिकटतं, त्याला मारा.

मारण्याआधी ते चिकटतं कसं, हे पाहायला हवं. बार्नॅकलचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगत खात-पीत वाढतं. मग त्याची शेवटची डिंभावस्था येते. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा हा जीव या अवस्थेत काहीही खात नाही. साठवलेल्या चरबीवर जगत त्याला एकच काम करायचं असतं, जागा शोधणं. डोक्याजवळच्या दोन स्पर्शिकांवर तो पृष्ठभागावरून अक्षरशः चालत जातो, पाऊल टाकलं तिथं चिकट ठसा सोडतो, खाचा-उंचवटे चाचपतो, जवळपास भाऊबंद आहेत का ते रसायनांवरून ओळखतो. जागा पसंत पडली नाही तर पुन्हा पाण्यात झेप घेतो. पसंत पडली तर डोकं खाली करून सिमेंटसारखा स्राव सोडतो आणि उरलेलं आयुष्य त्याच जागी, पायांनी पाणी ढवळून अन्न ओढत काढतो. गोव्यात दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ए. सी. अनिल, लिडिता खांडेपारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच किनाऱ्यावर आढळणाऱ्या बार्नॅकलवर अनेक वर्षं काम केलं आहे. पृष्ठभागावर आधी बसलेला जिवाणूंचा थर या डिंभाला कधी बोलावतो आणि कधी परतवतो, हा त्यातला एक मोठा विषय. म्हणजे ही निवड आंधळी नसते, घर घेणाऱ्यानं भिंती ठोकून पाहाव्यात तशी चाललेली असते.

विषाचा इतिहास जुना आहे. शिडांच्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत. तांबं पाण्यात हळूहळू विरघळतं आणि बसू पाहणाऱ्या जिवांना मारतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाचं एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिल टिन, रंगात मिसळायला सुरुवात झाली. रंग जबरदस्त निघाला, वर्षानुवर्षं तळ स्वच्छ राहू लागले. पण १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती कोसळली. कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले, पिल्लं धरेनात. शेजारी नांगरलेल्या बोटींच्या रंगातून हे विष पाण्यात उतरत होतं. इतर किनाऱ्यांवर शंखवर्गीय प्राण्यांच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्सनं १९८२ मध्ये छोट्या बोटींना हा रंग बंद केला. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. आज बोटींच्या तळाला लागतात ते बहुतेक रंग पुन्हा तांब्यावर आले आहेत. ज्या किनाऱ्यावर कालवं खाल्ली आणि विकली जातात, तिथं ही गोष्ट दूरच्या फ्रान्सची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

न मारता टाळता येईल का, हा प्रश्न अमेरिकी नौदलानं फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांच्यापुढे ठेवला होता. २००२ साली हवाईतल्या नौदल तळावर बंदरात येणारी पाणबुडी पाहून त्यांना ती शेवाळ माखलेल्या देवमाशासारखी दिसली. देवमाशाच्या अंगावर बार्नॅकल बसतात. मग सावकाश पोहणारा, तरीही अंग स्वच्छ ठेवणारा प्राणी कोणता? उत्तर होतं मुशी, म्हणजे शार्क.

मुशी ओळखीची नाही असं कोळीवाड्यात कुणी सापडणार नाही. तिच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर कानस. याचं कारण तिचे खवले इतर माशांसारखे नसतात. ते सूक्ष्म दात असतात, आपल्या दातांसारखेच आतून डेंटिन आणि वरून कठीण आवरण. एकेक दात मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढा, आणि प्रत्येकावर पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेनं जाणाऱ्या बारीक कडा. या कडांमुळे पाण्याचा घर्षणरोध कमी होतो, हे जर्मनीत डीट्रिश बेशर्ट यांच्या गटानं प्रयोगांतून दाखवलं. प्रयोगशाळेत उत्तम मापाच्या कडांनी दहा टक्क्यांच्या आसपास बचत झाली. लुफ्तान्सानं २०२२ पासून काही विमानांच्या अंगावर अशा कडांचं पातळ आवरण चढवलं, तिथं इंधनात साधारण एक टक्का वाचतो. विमानकंपनीला तेवढाही पुष्कळ झाला. पोहण्याच्या स्पर्धांतल्या ‘शार्कच्या कातडी’च्या पोशाखांचा मात्र एवढा गवगवा झाला, की हार्वर्डचे जॉर्ज लॉडर यांनी २०१२ मध्ये ते कापड तपासलं तेव्हा त्याच्या पृष्ठभागाचा काही फायदा दिसला नाही, ही बातमी मागेच राहिली. निसर्गाचं नाव लावलं की माल खपतो. तपासणी नंतर कुणी केली तर केली.

ब्रेनन यांनी मुशीची हुबेहूब नक्कल केली नाही. तिच्या दातांवरच्या कडांची मांडणी घेतली आणि ती पुष्कळ लहान केली. सिलिकॉन रबरावर दोन मायक्रॉन रुंद आणि तीन मायक्रॉन उंच पट्ट्या, मध्ये दोन मायक्रॉनची फट, पट्ट्यांची लांबी चार ते सोळा मायक्रॉन, आणि सगळ्या मिळून शंकरपाळ्यासारखे चौकोन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या रुंदीत अशा सतरा-अठरा पट्ट्या बसतील. समुद्री शेवाळाचे बीजाणू साधारण पाच मायक्रॉनचे. त्यांना या पट्ट्यांवर नीट टेकता येत नाही आणि मधल्या फटीत शिरताही येत नाही. सपाट रबराच्या तुलनेत बीजाणू बसण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांनी घटलं. रबर तेच, पाणी तेच, विषाचा थेंब नाही. बदलला होता फक्त आकार.

हा आकार घडवतात कसा, हे समजायला वरोरपासून लांब जावं लागत नाही. वरोर, वाढवण, चिंचणी या गावांत मासेमारी आणि बागायतीच्या जोडीला डायमेकिंगचा धंदा आहे. दागिन्यांसाठी लागणारी डाय इथं घरोघरी कोरली जाते. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची, खोलगट भाग तिथं उठाव येणार हे डोक्यात ठेवून. मग पोलादाला पाणी देऊन ते कठीण करायचं. त्यावर धातूचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पत्र्यावर नक्षी उठते. डाय एकदा नीट झाली की त्याच नक्षीचे कितीही नग निघतात. सगळी मेहनत मूळ साच्यात असते.

सूक्ष्म पृष्ठभागाचं तंत्रही असंच चालतं. फक्त पोलादाच्या जागी सिलिकॉनची चकती येते आणि छिन्नीच्या जागी प्रकाश. चकतीवर प्रकाशाला संवेदनशील असा लेप देतात, नक्षीच्या आरपार अतिनील किरण टाकतात, किरण लागलेला भाग धुऊन काढतात आणि उघडी पडलेली जागा रसायनानं किंवा आयनांनी कोरतात. संगणकाची चिप अशीच बनते. मग त्या चकतीवर पातळ सिलिकॉन रबर ओततात, ऊब देऊन घट्ट करतात आणि सोलून काढतात. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९९०च्या दशकात हे रबरी साच्याचं तंत्र रूढ केलं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक तपशील या रबरात उतरतो. आयआयटी मुंबईत अशा कोरीवकामासाठी धूळविरहित प्रयोगशाळा आहे.

डाय कोरणाऱ्याला सतावणारा एक प्रश्न इथंही जसाच्या तसा येतो: साच्यातून माल सुटला पाहिजे. कोरीव भिंत आत कलली तर पत्रा अडकतो. रबराच्या बाबतीत उंच आणि बारीक खांब सोलताना मोडतात, किंवा सुटल्यावर एकमेकांवर रेलून चिकटून बसतात. उंची आणि रुंदी यांचं प्रमाण किती ताणायचं, हे अशा कामात अनुभवानं कळतं. पुस्तकातल्या सूत्रांनी ते अर्धंच कळतं.

आकारानं काम भागवण्याचं आणखी सोपं उदाहरण परसात असतं. अळवाच्या पानावर पावसाचा थेंब टपोरा मोती होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. कमळाचंही तसंच. पान गुळगुळीत असल्यामुळे हे घडतं अशी आपली समजूत असते, पण सूक्ष्मदर्शकाखाली उलटं दिसतं. कमळाच्या पानावर दहा मायक्रॉनच्या आसपासच्या उंचवट्यांची दाटी असते आणि प्रत्येक उंचवट्यावर मेणाच्या त्याहून कितीतरी बारीक नळ्या. थेंब या टोकांवर टेकतो, खालच्या पोकळीत हवा कोंडलेली राहते. थेंबाचा पानाशी खरा स्पर्श फारच थोडा. १९४४ साली कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी खडबडीत आणि सच्छिद्र पृष्ठभागांसाठी याचं गणित मांडलं होतं. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये हाच गुण पानाच्या स्वच्छतेशी जोडून दाखवला आणि जगभर याची लाट उठली. नंतर संशोधकांनी खऱ्या कमळाच्या पानाचाच रबरी साचा घेतला आणि त्यातून दुसरं रबरी पान काढलं. तेही पाणी झटकतं.

मग वरोरच्या बोटीच्या तळाला मुशीची किंवा कमळाची कातडी का लागत नाही? कमळाची तर लगेच बाद होते. पाण्याखाली सतत बुडून राहिलं की पोकळीतली हवा पाण्यात विरघळत जाते आणि पृष्ठभाग भिजतो. कमळालाही याची गरज नाही, त्याची पाणी झटकणारी बाजू वरची. मुशीच्या नमुन्याची अडचण मापाची आहे. दोन मायक्रॉनची फट पाच मायक्रॉनच्या बीजाणूला अडवते, पण पाचशे मायक्रॉनच्या बार्नॅकल डिंभाला ती जवळजवळ सपाट जमीन. ब्रेनन यांच्या गटानं मग वीस मायक्रॉन अंतराचा आणि चाळीस मायक्रॉन उंचीचा नमुना करून पाहिला, तेव्हा बार्नॅकल जवळजवळ बसलेच नाहीत. पण समुद्रात बीजाणू, डिंभ, जिवाणू सगळे एकदम येतात. एका मापाची फट सगळ्यांना पुरत नाही.

विषाशिवायचे सिलिकॉनचे गुळगुळीत रंग बाजारात आहेत. त्यांवर जे बसतं ते घट्ट धरत नाही आणि जहाज वेगानं निघालं की धुऊन जातं. हा वेग सोळा-सतरा नॉट धरणाऱ्या मालवाहू जहाजाला जमतो. डोल जाळ्याच्या जागेवर जाऊन थांबणाऱ्या, मग बंदरात नांगरून राहणाऱ्या बोटीला तो कुठून येणार? शिवाय हे मऊ रबर वाळूवर ओढताना ओरबाडलं जातं. या पट्ट्यातलं पाणी गाळानं गढूळ असतं आणि मायक्रॉनच्या फटी बुजवायला गाळाचे कण पुरेसे आहेत. किंमत हा आणखी वेगळा मुद्दा.

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण याहून मूलभूत आहे आणि जाहिरातींत ती कधी येत नाही. पान झिजलेलं मेण पुन्हा घडवतं. मुशीचे अंगावरचे दात पडतात आणि नवे येतात, आयुष्यभर. खेकडा कवच टाकतो, त्याबरोबर कवचावर बसलेले भाडेकरूही जातात. आपण निसर्गाचा आकार उतरवला आहे, देखभाल उतरवलेली नाही. साच्यातून निघालेला पृष्ठभाग पहिल्या दिवशी सर्वांत चांगला असतो आणि त्यानंतर उतरत जातो. मुंबईजवळ अंबरनाथला संरक्षण खात्याची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा जहाजांच्या लेपांवर काम करते. तिच्यासारख्या संस्थांपुढे खरं आव्हान टिकाऊपणाचंच आहे, कारण युद्धनौका दर महिन्याला गोदीत घेता येत नाही.

म्हणून हे तंत्र रुजलं ते समुद्राबाहेर, जिथं वस्तू थोडे दिवस वापरून टाकून देता येते. ब्रेनन यांचा नमुना रुग्णालयातल्या नळ्या आणि पृष्ठभागांकडे वळला, कारण तिथं जिवाणूंना थारा न मिळणं महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात एलेना इव्हानोव्हा यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं की सिकाडा कीटकाच्या पंखावरचे नॅनो आकाराचे खांब काही जिवाणूंचा पडदा ताणून फाडतात. चिकटण्याच्या बाजूनंही काम झालं. पालीच्या पायावरच्या लाखो सूक्ष्म केसांची ताकद केलर ऑटम यांनी २००० साली मोजल्यावर कोरड्या चिकटपट्ट्यांचा शोध सुरू झाला. आयआयटी कानपूरमध्ये अभिजित मजुमदार, अनिमांग्शु घटक आणि आशुतोष शर्मा यांनी २००७ मध्ये वेगळीच वाट काढली. झाडावरच्या बेडकांच्या आणि किड्यांच्या पायाखाली द्रव भरलेल्या वाहिन्या असतात, तशा तेल भरलेल्या सूक्ष्म वाहिन्या त्यांनी रबराच्या पृष्ठभागाखाली घातल्या आणि चिकटपणा कित्येक पटींनी वाढला. ‘सायन्स’ या नियतकालिकात ते काम आलं. मजुमदार आता आयआयटी मुंबईत शिकवतात.

वरोरच्या दारात आता प्रश्न उलटा होऊन उभा आहे. शेजारच्या वाढवणजवळ समुद्रात भराव घालून मोठं बंदर उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बांध. मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकर यांचा याला दीर्घकाळ विरोध आहे आणि त्याची कारणं या लेखाच्या आवाक्याबाहेरची आहेत. पृष्ठभागाच्या दृष्टीनं एवढं म्हणता येतं की बंदर झालं तर इथं प्रचंड क्षेत्रफळाचं नवं काँक्रीट पाण्याखाली जाईल आणि ते बहुतांशी सपाट असेल. सपाट भिंतीवर बार्नॅकलसारखे मोजके चिवट जीवच टिकतात. खडकावर जी गर्दी दिसते तिला भेगा लागतात, सावली लागते, ओहोटीला पाणी धरून ठेवणारे खळगे लागतात.

सिडनी बंदरात २०१८ पासून समुद्रभिंतींवर यासाठी मुद्दाम खडबडीत पट्टे बसवतात. त्रिमितीय छपाईनं साचा बनवायचा, त्यात काँक्रीट ओतायचं, आणि खळगे, भेगा, तिवराच्या मुळांसारखे उंचवटे असलेला पट्टा भिंतीला जोडायचा. इथं एकाच पट्ट्यावर तीन मापं सांभाळावी लागतात: डिंभाला टेकायला मिलिमीटरहून बारीक खरखर, छोट्या खेकड्याला दडायला बोटभर भेग, आणि पाणी साचायला ओंजळभर खळगा. वरोरच्या खडकाचा असा नमुना घ्यायचा म्हटला तर रबर ओतून भागणार नाही. ते घट्ट व्हायला जेवढे तास लागतात तेवढी उसंत भरती देईलच असं नाही. ओहोटीच्या वेळी अनेक कोनांतून छायाचित्रं घेऊन संगणकावर खडकाचा त्रिमितीय आराखडा करणं, आणि त्यावरून साचा कोरणं, हा जास्त व्यवहार्य मार्ग. खडक भरावाखाली जाण्याआधीच ते करावं लागेल.